पुलाखालची नदी : पायाभोवतीची धूप आणि पुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न

सारांश

नदीवरील पुलाची सुरक्षितता बहुधा त्याच्या दृश्य भागावरून, म्हणजे कठडे, कमानी, तुळया व रस्त्याचा पृष्ठभाग यांच्या अवस्थेवरून ठरविली जाते. प्रत्यक्षात पुरात कोसळणाऱ्या अनेक पुलांचा निर्णय पाण्याखाली, पायाभोवतीच्या वाळू-मातीत लागलेला असतो. पायाभोवतीच्या या धुपेची कार्यपद्धती, ती मोजण्याची शास्त्रीय परंपरा, तीन देशांतील दुर्घटनांतून मिळालेले धडे आणि कोकणातील परिस्थिती यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. नदीतळाचे नियमित मोजमाप, त्या मोजमापाची जपलेली नोंद आणि पूल बंद करण्याची आधीच ठरविलेली पाणीपातळी या तीन गोष्टी कमी खर्चात सर्वाधिक जीव वाचवू शकतात, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : नदीवरील पूल, तळाची धूप, महत्तम पूर पातळी, वाळू उपसा, पूर-इशारा यंत्रणा.

प्रस्तावना

२ ऑगस्ट २०१६ रोजी रात्री मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात कोसळला. ब्रिटिश अमदानीत बांधलेल्या, सुमारे नव्वद वर्षे वापरात असलेल्या या कमानींच्या पुलावरून त्या वेळी मुंबईकडे जाणारी वाहतूक सुरू होती. राज्य परिवहन महामंडळाच्या दोन बस व एक मोटार अंधारात पाण्यात गेली. त्यांतील सुमारे चाळीस प्रवाशांवर काळाने घाला घातला आणि काही मृतदेह प्रवाहाबरोबर दूर खाडीपर्यंत वाहत गेले. पूल नाहीसा झाला आहे हे जवळच्या एका स्थानिक व्यक्तीच्या लक्षात आले, तिने वाहने थांबविली आणि प्रशासनापर्यंत वार्ता पोहोचली.

या घटनेनंतर दोन बाबी चर्चेत आल्या. महाबळेश्वरच्या परिसरात झालेल्या अतिवृष्टीमुळे नदीला आलेल्या पुराचा प्रचंड दाब हे दुर्घटनेचे कारण असल्याचे शासनाने सांगितले. त्याच वेळी, त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, ही माहितीही पुढे आली. मे महिन्यात योग्य ठरलेला पूल ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी उभा राहू नये, याचा अर्थ काय? तपासणी करणाऱ्यांचा हलगर्जीपणा एवढेच उत्तर देऊन अनेकजण थांबतात. परंतु मे महिन्यात नदी आटलेली असताना वरून पाहिलेला पूल आणि पुरात उभा असलेला पूल या अभियांत्रिकीच्या दृष्टीने दोन भिन्न वस्तू आहेत. हा भेद समजून घेणे हे या लेखाचे प्रयोजन आहे.

पूर पुलावर कसा कार्य करतो

पुराचे पाणी पुलावर मुख्यतः दोन प्रकारे आघात करते. पहिला प्रकार डोळ्यांना दिसणारा आहे. पाण्याचा वेग व त्याबरोबर वाहत येणारी झाडे, ओंडके व दगड पुलाच्या खांबांवर आणि कमानींवर आदळतात. पाणी तुळयांपर्यंत किंवा कमानींच्या माथ्यापर्यंत चढले, तर संपूर्ण पूल प्रवाहात आडवा घातलेल्या बांधासारखा होतो व त्यावरील दाब कित्येक पटींनी वाढतो.

दुसरा प्रकार अदृश्य आहे आणि तोच अधिक घातक ठरतो. वाहत्या पाण्याने खांबाभोवतालची वाळू, रेती व माती उचलून नेणे या क्रियेस अभियंते 'स्कावर' म्हणतात. मराठीत तिला तळाची धूप किंवा थोडक्यात 'तळधूप' म्हणता येईल. अमेरिकेत १९८९ ते २००० या काळात निकामी झालेल्या ५०३ पुलांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक पुलांच्या बाबतीत पूर व तळधूप हीच कारणे आढळली. अवजड वाहनांचा अतिभार, जहाजांच्या वा वाहनांच्या धडका, बांधकामातील दोष या सर्व कारणांपेक्षा नदीचा वाटा मोठा होता.

तळधूप तीन पातळ्यांवर घडते. पहिली संपूर्ण नदीपात्राची असते. धरणामुळे गाळ अडणे, वाळूचा उपसा, प्रवाहमार्गातील बदल अशा कारणांनी पात्राचा तळ वर्षानुवर्षे खाली जातो. दुसरी आकुंचनाची धूप होय. पूरमैदानात भराव टाकून पुलाचे जोडरस्ते बांधले की पूर्वी दोन्ही काठांवर पसरणारे पाणी पुलाच्या मर्यादित रुंदीतून जाऊ लागते. जागा कमी झाल्याने वेग वाढतो आणि पुलाखालचा तळ खरवडला जातो. तिसरी धूप खांबालगतची, स्थानिक स्वरूपाची असते.

स्थानिक धुपेची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. नदीतील पाण्याचा वेग पृष्ठभागाजवळ अधिक व तळाजवळ कमी असतो. असे पाणी खांबाच्या पुढच्या बाजूवर आदळले की वरचा दाब खालच्या दाबापेक्षा जास्त होतो आणि पाण्याचा एक लोट खांबालगत सरळ खाली उतरतो. तळाशी पोहोचताच तो वळतो आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखा भोवरा तयार होतो. हा भोवरा तळातील कण उचलतो आणि खांबामागच्या लहान-लहान भोवऱ्यांच्या स्वाधीन करतो. ते त्यांना पुढे वाहून नेतात. अशा रीतीने खांबाच्या पायथ्याशी खड्डा पडत जातो. गोलाकार टोकाच्या, प्रवाहाच्या दिशेला समांतर असलेल्या खांबाभोवती या खड्ड्याची खोली सामान्यतः खांबाच्या रुंदीच्या २.४ पटींपर्यंत जाऊ शकते, असे अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे मानतात. खांब प्रवाहाला तिरपा असेल किंवा त्यावर झाडोरा अडकून त्याची परिणामी रुंदी वाढली असेल, तर खड्डाही तितकाच वाढतो.

या क्रियेचा सर्वांत फसवा भाग शेवटी येतो. पूर चढत असताना खड्डा सर्वाधिक खोल असतो. पूर ओसरू लागला की वेग मंदावतो आणि वरून वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. पाणी उतरल्यानंतर पाहणाऱ्याला खांबाभोवतीचा तळ सपाट दिसतो. प्रत्यक्षात ती भर सैल असते, तिच्यात खांबाला धरून ठेवण्याची ताकद नसते आणि पुढच्या पुरात ती प्रथम वाहून जाते. उन्हाळ्यात केलेली तपासणी प्रामाणिक असूनही अपुरी का ठरते, याचे शास्त्रीय उत्तर येथे मिळते.

दगडी कमानींच्या पुलांना हा धोका विशेष आहे. कमान भार पेलण्यास अत्यंत समर्थ असते आणि योग्य पायावर ती शतकानुशतके उभी राहते. मात्र प्रत्येक कमान आपल्या दोन्ही टोकांना बाहेरच्या बाजूस रेटत असते. मधल्या खांबावर उजव्या व डाव्या कमानीचा रेटा परस्परांना तोलून धरतो. एक खांब खचला की त्यावरील दोन कमानी जातात. त्या गेल्या की शेजारच्या खांबावर एकाच बाजूचा रेटा उरतो आणि तो खांबही कलतो. म्हणून अशा पुलांत एका खांबाचा नाश अनेक कमानींच्या नाशास कारणीभूत होऊ शकतो.

पाया किती खोल असावा : मोजमापाची परंपरा

तळधुपेचा विचार भारतीय अभियंत्यांना नवा नाही. उत्तर भारतातील कालव्यांच्या निरीक्षणांवरून जेराल्ड लेसी यांनी १९३० मध्ये गाळाच्या तळातील स्थिर प्रवाहाची सूत्रे मांडली. पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचा आरंभ १९१६ मध्ये मुंबई इलाख्याच्या काळात झाला. तेथे क्लॉड इंग्लिस यांच्या मार्गदर्शनाखाली नद्या व पुलांच्या खांबांभोवतीच्या धुपेवर प्रतिकृतींच्या साहाय्याने प्रयोग झाले. इंग्लिस यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील खांबांच्या धुपेचे सूत्र जगभरच्या अभ्यासकांत 'इंग्लिस-पूना सूत्र' म्हणून ओळखले जाते. या विषयाच्या जागतिक वाङ्मयात पुण्याचे नाव असे कायम झाले आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या पायाविषयक संहितेत, म्हणजे आय.आर.सी. ७८ मध्ये, लेसींच्या विचाराचाच आधार आहे. पुलाच्या प्रत्येक मीटर रुंदीतून किती पाणी वाहते आणि तळातील कण किती जाड आहेत, यांवरून धुपेची सरासरी खोली काढली जाते. ही खोली महत्तम पूर पातळीपासून मोजतात. खांबाजवळ ती दुप्पट धरली जाते आणि त्याखाली आणखी एक-तृतीयांश खोली पायाला पकड म्हणून दिली जाते. लहान पाणलोट क्षेत्राच्या नद्यांसाठी संकल्पित विसर्गही ३० टक्क्यांनी वाढवून घेण्याची तरतूद आहे.

एक उदाहरण घेतल्यास या सूत्राचा अर्थ स्पष्ट होईल. प्रत्येक मीटर रुंदीतून सेकंदाला २० घनमीटर पाणी वाहत असेल आणि तळात मध्यम जाडीची वाळू असेल, तर धुपेची सरासरी खोली सुमारे ९.२ मीटर येते आणि खांबाजवळ ती १८.३ मीटर होते. विसर्ग ३० टक्क्यांनी वाढवून २६ घनमीटर धरल्यास खांबाजवळील खोली २१.८ मीटर होते. पकडीसाठी आणखी सुमारे ७.३ मीटर धरल्यास पाया महत्तम पूर पातळीखाली २९ मीटरपर्यंत न्यावा लागतो. विसर्ग ३० टक्के वाढला की धूप सुमारे १९ टक्के वाढते, हेही यातून दिसते. विसर्ग दुप्पट झाला तर धूप दीडपटीहून थोडी अधिक होते.

या सूत्राच्या मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ते मूलतः सपाट प्रदेशातील, बारीक गाळाच्या कालव्यांवर आधारलेले आहे. सह्याद्रीच्या उतारावरून अल्प अंतरात समुद्राकडे धावणाऱ्या नद्यांचा तळ गोट्यांचा, खडकाचा व झिजलेल्या मुरुमाचा असतो. जेथे टणक खडक उथळ आहे तेथे पाया खडकात खोवला जातो आणि सूत्राची गरज उरत नाही. परंतु खडक भेगाळलेला असेल किंवा त्यावर झिजलेला थर असेल, तर केवळ सूत्रावर विसंबणे धोक्याचे होय. प्रत्यक्ष पात्रातील मोजमापाला येथे पर्याय नाही.

तीन दुर्घटना, तीन धडे

न्यूयॉर्क राज्यात स्कोहारी नावाच्या ओढ्यावर १९५४ मध्ये सुरू झालेला महामार्गाचा पूल ५ एप्रिल १९८७ रोजी वसंतातील पुरात कोसळला व दहा जणांचा मृत्यू झाला. त्याचे खांब उथळ पायांवर उभे होते आणि त्यांच्या संरक्षणासाठी भोवती मोठ्या दगडांची भर घातलेली होती. पूल वापरात आल्यानंतरच्या वर्षीच, १९५५ मध्ये, मोठा पूर येऊन त्या भरीची हानी झाली. पुढील काळात ती पुरेशी भरून काढली गेली नाही. पुलाची वेळोवेळी तपासणी होत असे, पण पाण्याखालील पाया बांधणीनंतर कधी तपासला गेला नव्हता. या घटनेनंतर अमेरिकेत पाण्याखालील पायांची तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने करण्याचा दंडक आला, १९९१ मध्ये तळधुपेविषयी सविस्तर मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली आणि ज्यांचे पाया धोक्यात आहेत अशा पुलांसाठी कृतियोजना तयार ठेवण्याची पद्धत रूढ झाली.

पोर्तुगालमधील डोरो नदीवरील हिन्त्झे रिबेरो पूल हा एकोणिसाव्या शतकातील दगडी खांबांचा पूल होता. ४ मार्च २००१ रोजी रात्री पुरात त्याचा एक खांब गेला. सहलीहून परतणारी एक बस व तीन मोटारी नदीत पडल्या आणि ५९ जणांचा मृत्यू झाला. सावित्रीच्या दुर्घटनेशी या प्रसंगाचे साम्य मन विषण्ण करणारे आहे. जुना पूल, रात्रीची वेळ, पूर, बसमधील प्रवासी आणि दूरवर वाहत गेलेले मृतदेह हे सारे दोन्हीकडे आहे. तेथील तांत्रिक चौकशीत वर्षानुवर्षांच्या वाळू उपशाने नदीचा तळ खाली गेला व खांबाचा पाया उघडा पडला, असे निदान झाले. घटनेनंतर संबंधित मंत्र्यांनी राजीनामा दिला.

तिसरे उदाहरण आयर्लंडमधील मॅलहाइडच्या रेल्वेपुलाचे आहे. २१ ऑगस्ट २००९ रोजी डब्लिन-बेलफास्ट मार्गावरील या पुलाचा एक खांब तळधुपेने कोसळला. एका गाडीच्या चालकाला पूल पार करताना रुळाखालचा भाग खचत असल्याचे दिसले व त्याने तत्काळ इशारा दिल्याने जीवितहानी झाली नाही. चौकशीत उघड झालेल्या बाबी मननीय आहेत. खाडीत नौकानयन करणाऱ्या स्काऊट पथकाच्या माणसाला पुलाखालच्या प्रवाहात बदल जाणवला होता आणि त्याने काही दिवस आधी तो रेल्वेला कळविला होता. तपासणी झालीही, पण ती पुलाच्या दृश्य भागाची झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पुलाच्या तळाशी वेळोवेळी दगड टाकून संरक्षक भर टिकवून धरण्याची जुनी पद्धत होती. ती जाणणारे कर्मचारी निवृत्त झाल्यावर ते ज्ञान संस्थेच्या स्मरणातून नाहीसे झाले होते.

या तीन प्रसंगांतून तीन धडे मिळतात. जे पाण्याखाली आहे ते पाण्याखाली जाऊनच तपासावे लागते. पूल सुदृढ असला तरी त्याच्या भोवतालची नदी बदलू शकते. आणि देखभालीचे ज्ञान व्यक्तीच्या डोक्यात राहिले तर ते व्यक्तीबरोबर निघून जाते.

नदीत होणारे दोन बदल

महाराष्ट्राच्या संदर्भात नदी दोन दिशांनी बदलत आहे. पहिला बदल माणसाने घडविलेला आहे. बांधकामाच्या वाढीबरोबर वाळूची मागणी वाढली आणि नद्या व खाड्यांच्या पात्रांतून उपसा होऊ लागला. लहान क्षेत्रातील वाळू उत्खननासही पर्यावरणविषयक मंजुरी आवश्यक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २०१२ मध्ये स्पष्ट केले. वाळू उपशाची चर्चा सामान्यतः महसूल, पर्यावरण व कायदा-सुव्यवस्था या अंगांनी होते. पुलाच्या दृष्टीने त्याचा हिशेब वेगळा आहे. वरील उदाहरणात पायाची पकड ७.३ मीटर होती. पुलाखालचा तळ उपशामुळे ३ मीटर खाली गेला, तर ढोबळमानाने पकडीचा चाळीस टक्के भाग पुलाला धक्काही न लावता काढून घेतल्यासारखे होते. पुलाच्या दगडावर ओरखडा उठत नाही, कोणत्याही नोंदवहीत हानी दिसत नाही, आणि तरीही पूल पूर्वीचा राहिलेला नसतो. पुलाच्या बांधकामासाठी लागलेली वाळू दुसऱ्या पुलाच्या पायाखालून आलेली असू शकते, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

दुसरा बदल पावसाचा आहे. २२ व २३ जुलै २०२१ दरम्यान महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदविला गेला. महाड व चिपळूण ही शहरे पाण्याखाली गेली. वाशिष्ठी नदीवरील पुलाजवळचा रस्ता खचल्याने मुंबई-गोवा महामार्गावरील वाहतूकही थांबवावी लागली. जुन्या पुलांचा संकल्पित विसर्ग त्या काळी उपलब्ध असलेल्या पुराच्या खुणांवरून ठरविला गेला होता. थोड्या तासांत पडणाऱ्या पावसाची तीव्रता वाढली, तर शंभर वर्षांतून एकदा येणारा म्हणून गणलेला पूर अधिक वेळा येऊ लागतो. कोकणातील नद्यांत भरतीचाही प्रश्न आहे. भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा मंदावून पातळी वाढते आणि ओहोटी लागताच साचलेले पाणी वेगाने खाली धावते.

तपासणी, उपकरणे आणि नोंदी

सावित्री दुर्घटनेनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र शासनाने देशातील पुलांची नोंद करणारी व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. राष्ट्रीय महामार्गांवरील लहानमोठ्या पुलांसह दीड लाखांहून अधिक बांधकामांची माहिती गोळा करणे, प्रत्येक पुलास ओळख क्रमांक देणे आणि त्याच्या अवस्थेला ० ते ९ या मापनपट्टीवर गुण देणे हे तिचे स्वरूप होय. त्यापूर्वी देशात पूल किती आहेत याचीच एकत्र यादी नव्हती, हे लक्षात घेता हे पाऊल महत्त्वाचे ठरते. तथापि गुणांकन जितके दृश्य अवस्थेवर अवलंबून राहील, तितका तळधुपेचा धोका त्यातून निसटेल.

तळधूप मोजण्याची साधने आज अनेक आहेत. खांबाला बसविलेले ध्वनिलहरींचे यंत्र तळापर्यंतचे अंतर सतत मोजते. खांबालगत गाडलेल्या दांड्यावर सरकणारे चुंबकीय कडे तळ खाली गेला की त्याबरोबर खाली उतरते आणि वर येत नाही. त्यामुळे पुराच्या काळातील सर्वाधिक खोली कळते, जरी नंतर खड्डा भरून गेला तरी. तळात पुरलेली तरंगती साधने धूप त्यांच्यापर्यंत पोहोचताच मोकळी होऊन संकेत पाठवितात. खांबाचा कल मोजणारी आणि पुलाच्या कंपनांतील फरक टिपणारी यंत्रेही वापरली जातात. ही सर्व साधने प्रत्येक पुलावर बसविणे शक्य नाही व आवश्यकही नाही. ज्या पुलांचा पाया उथळ वा अज्ञात आहे, ज्यांच्या परिसरात वाळू उपसा होतो आणि ज्यांना जवळचा पर्यायी मार्ग नाही, अशा पुलांना प्राधान्य देणे योग्य होईल.

उर्वरित पुलांसाठी एक जुने व स्वस्त साधन पुरेसे आहे. पुलाच्या वरच्या व खालच्या अंगाला नदीचा आडवा छेद दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याच ठिकाणी मोजावा आणि मागील छेदांशी पडताळून पाहावा. ओळंबा व मोजपट्टी किंवा नौकेवरील साधे खोलीमापक यंत्र यांनी हे काम होते. एका वर्षाचा छेद फारसे काही सांगत नाही. दहा वर्षांचे छेद एकत्र ठेवले की तळ कोठे, किती आणि केव्हापासून खाली जात आहे हे स्पष्ट दिसते.

पूल बंद करण्याचा निर्णय

उपकरण धोका दाखविते, पण जीव वाचतो तो निर्णयाने. महामार्गावरील पूल मध्यरात्री बंद करावा की नाही, याचा निर्णय पुराच्या ऐन प्रसंगी, अपुऱ्या माहितीवर, कोणी कनिष्ठ कर्मचाऱ्याने घ्यावा ही अपेक्षा अन्यायाची आहे. पूल बंद केला आणि काही झाले नाही, तर गैरसोयीचा दोष त्याच्या माथी येतो. तो चालू ठेवला आणि कोसळला, तर सारेच संपते. म्हणून ही पातळी आधीच, शांत वेळी, लेखी स्वरूपात निश्चित असणे आवश्यक आहे.

याचे उदाहरण त्याच भूप्रदेशात सापडते. कोकण रेल्वेने काळ नदीवर माणगाव-वीर दरम्यान, सावित्रीवर वीर-सापे वामणे दरम्यान आणि वाशिष्ठीवर चिपळूण-कामथे दरम्यान पुलांवर पूर-इशारा यंत्रणा बसविली आहे. पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की अधिकाऱ्यांना सूचना मिळते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण-कामथे दरम्यान वाशिष्ठीचे पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्यावर रेल्वे वाहतूक थांबविण्यात आली. सुमारे सहा हजार प्रवासी विविध गाड्यांमध्ये खोळंबले. त्यांना त्रास झाला, पण ते सर्व घरी परतले. सावित्री नदी रेल्वेपुलाखालूनही वाहते आणि महामार्गाच्या पुलाखालूनही वाहते. रस्त्यावरील बसच्या प्रवाशाला रेल्वेच्या प्रवाशाइतकेच संरक्षण मिळायला हवे, हा प्रश्न तांत्रिक असण्यापेक्षा अधिक नैतिक आहे.

शाश्वततेचा अर्थ

सुरक्षितता, आपत्तीत तग धरण्याची क्षमता आणि शाश्वतता ही तीन उद्दिष्टे पुष्कळदा स्वतंत्रपणे मांडली जातात. पुलाच्या पायाशी ती एकत्र येतात. सावित्रीवरील नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. बांधकामाचा हा वेग निश्चितच प्रशंसनीय आहे. शेजारी आधीच दुसरा पूल उभा असल्याने दरम्यानच्या काळात वाहतूक त्यावरून वळविता आली. जेथे असा दुसरा पूल नसतो तेथे बाजार, रुग्णालय, शाळा व महाविद्यालय यांच्याशी असलेला संबंधच तुटतो. नव्या पुलाला सिमेंट, पोलाद व पुन्हा वाळू लागते. आजच्या संहितेनुसार काँक्रीटचा पूल शंभर वर्षांच्या आयुष्यासाठी संकल्पित केला जातो. हे आयुष्य पूर्ण होण्यासाठी पायाभोवतीची दगडांची भर राखणे, अडकलेला झाडोरा काढणे आणि पुलाच्या परिसरातील उपसा रोखणे ही कामे नव्या बांधकामाच्या तुलनेत अत्यल्प खर्चाची आहेत. त्यांचे उद्घाटन होत नाही, त्यांची कोनशिला बसत नाही, आणि म्हणूनच ती मागे पडतात.

निष्कर्ष

पुलाची खरी अवस्था जाणून घ्यायची असेल, तर पुलाबरोबर नदीचेही परीक्षण करावे लागेल. पायाची खोली व प्रकार यांची नोंद, तळाच्या आडव्या छेदांची वर्षानुवर्षांची मालिका आणि पूल बंद करण्याची पूर्वनिश्चित पातळी या तीन गोष्टी प्रत्येक महत्त्वाच्या पुलाबाबत उपलब्ध असल्या पाहिजेत.

हे कार्य केवळ अभियंत्यांचे नाही. नदीतळाचा छेद घेणे हे भूगोल विभागाच्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्राभ्यासात सहज बसणारे काम आहे. जुन्या पुलांचे आराखडे व पुराच्या खुणा अभिलेखागारांतून शोधणे हे इतिहासाच्या अभ्यासकाचे काम आहे. पात्रात रोज उतरणारे मच्छीमार, होडीवाले व काठावरील शेतकरी यांच्याकडून प्रवाहातील बदल नोंदवून घेणे हे समाजशास्त्राच्या कक्षेत येते. मॅलहाइडच्या खाडीत बदल प्रथम जाणवला तो पाण्यावर वावरणाऱ्या माणसालाच. नदीकाठच्या प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एका पुलाखालचे असे मोजमाप सातत्याने ठेवले, तर काही वर्षांत आज कोणत्याही कार्यालयात नसलेली माहिती तयार होईल. विद्यार्थी बदलतील, प्राध्यापक निवृत्त होतील, पण नोंद राहील. रात्री बसच्या खिडकीशी डोके टेकवून निर्धास्त झोपलेल्या प्रवाशाचा विश्वास अशाच नोंदींच्या आधाराने सार्थ ठरू शकेल.